पाट, फळी आणि बादली

मराठी माणूस लाकडावर बसतो, झोपतो, झुलतो, देवालाही चौरंगावर बसवतो. लाकडावरून चालायची सवय मात्र त्याला कधी फारशी नव्हती. जेवायला पाट लागायचा. पाट म्हणजे तरी काय, भिंतीला टेकवून ठेवता येणारी दीड फुटाची लाकडी जमीनच. खाली सारवण असो की शहाबादी, दोन्ही गार आणि दोन्हींवर रोज ओला हात फिरणार. तेवढ्यापुरतं अंगाखाली लाकूड घ्यायचं, जेवणं झाली की पाट उचलायचे, उष्टं काढायचं आणि शेणगोळा नाहीतर ओलं फडकं फिरवायचं. लाकूड अंगाला आणि पाणी जमिनीला, ही वाटणी आपल्या घरांत इतकी पक्की होती की तिच्याबद्दल वेगळं बोलायची वेळ कुणावर आली नाही.

कुणी म्हणेल, मग वाड्यांच्या माड्या कशाच्या होत्या? कडीपाटाच्याच होत्या. तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. पण त्या फळ्या दिसायच्या खालून, खालच्या माणसाचं छत म्हणून. वरच्या अंगाला पुष्कळ वाड्यांत मातीचा थर, चोपून केलेली जमीन आणि तिच्यावर पुन्हा सारवण. जिना चढून माडीवर गेलं तरी पाय मातीवरच. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या रानातून सागवान, चिंचवडहून दगड आणि जेजुरीहून चुना आणला असं सांगतात. 1828 च्या आगीत ते सागवान गेलं आणि जोती तेवढी राहिली. आज आपण तिथे फिरतो ते दगडावरून.

कोकणातला माळा त्यातल्या त्यात अपवाद. किंजळीच्या, ऐनाच्या नाहीतर फणसाच्या उघड्या फळ्या. पण तो चालण्या-वावरण्यासाठी नव्हताच. नारळ, वर्षातून एकदा लागणारी तपेली, गणपतीचं मखर, मोडका पाळणा असल्या वस्तूंचं ते राज्य. वर कुणी चढलं की खाली बसलेल्याच्या डोक्यावर धूळ पडायची, आणि फळ्यांच्या कुरकुरीवरून वर कोण गेलंय तेही कळायचं.

असं सगळं असताना पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत लाकडी जमिनीची हौस कशी शिरली, त्याचं संशोधन करायला नको. हॉटेलं पाहिली, परदेशातल्या मुलांची घरं पाहिली, मालिकांतल्या सासवांचे दिवाणखाने पाहिले. माझ्या भाचीने बाणेरला घर घेतलं तेव्हा तिने मला बजावलं, ‘‘मामा, फरशी बघायला तू चल. तुला लाकडातलं कळतं.’’ माझं कळणं एवढंच, की भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात एका कच्छी शेटजींच्या वखारीत वडील हिशेब लिहायचे आणि सुट्टीत मी तिथे ओंडक्यांवर बसून असायचो. घनफुटाचा हिशेब आणि ओंडक्याचं टोक बघून गाभा किती, पांढरा किती हे ओळखणं, एवढं फुकटात पदरी पडलं.

शोरूममध्ये गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की सगळंच ओक होतं. टाइलही ओक, विनाइलही ओक, लॅमिनेटही ओक. ओकचं झाड पुण्यात कुणाच्या अंगणात नाही, पण पुण्याच्या जमिनीवर मात्र तेच पसरलंय. सागाचा नमुना कोपऱ्यात एक होता. ‘‘तो आता जुना वाटतो सर,’’ विक्रेता म्हणाला. वखारीतले शेटजी हे ऐकायला नाहीत ते बरं.

मी गुडघ्यांवर बसून टाइल बघायला लागलो तशी भाची थोडी लांब जाऊन उभी राहिली. आठ इंच रुंद, चार फूट लांब, करड्या-तपकिरी रंगाची. खरं सांगायचं तर काम अप्रतिम होतं. रेषा, मधेच फाकलेला पट्टा, एका ठिकाणी मोराच्या डोळ्यासारखी गाठ, गाठीला वळसा घालून गेलेले रेषे. मग नजर पुढे सरकली आणि दोन रांगा सोडून तोच डोळा पुन्हा माझ्याकडे बघत होता. त्याच जागी, तोच वळसा. ‘‘रँडम किती?’’ मी विचारलं. ‘‘सहा.’’ म्हणजे फळीची सहा चित्रं आणि तीच आलटून पालटून. साध्या हॉलला शंभराच्या आसपास टाइल लागतात. एकेक गाठ सोळा-सतरा वेळा भेटणार. त्यावर नखही फिरवून बघायचं असतं. स्वस्त मालात उठाव एक आणि छाप दुसरी असते. बोटाला जिथे खाच लागते तिथे डोळ्याला काही दिसत नाही, आणि गाठ दिसते तिथे बोट गुळगुळीत घसरतं. चांगल्या मालात छाप आणि उठाव एकमेकांवर बसवलेले असतात. तिथे बोटही काही वेळ फसतं.

आपल्याकडची ही लाकडं बहुतेक मोरबीला ‘उगवतात’. गुजरातेत मच्छू नदीकाठच्या त्या गावाने नळीची कौलं केली, भिंतीवरच्या घड्याळांचे कारखाने काढले आणि आता देशातल्या टाइलचा फार मोठा वाटा तिथूनच येतो. माती, फेल्डस्पार आणि गारेची पूड दाबून पट्टी करायची, तिच्यावर संगणकाने चालणाऱ्या शाईच्या फवाऱ्याने फळीचं चित्र काढायचं आणि बाराशे अंशांच्या आसपास भाजून काढायचं. व्हिट्रिफाइड झालेली टाइल आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. आपल्या घराला एवढंच हवं असतं. लांब टाइल भट्टीत किंचित कमान धरते, हा तिचा एक खोडसाळपणा. म्हणून दोन रांगांचे सांधे विटांसारखे बरोब्बर अर्ध्यावर घेतले, तर एकीचं फुगलेलं पोट दुसरीच्या झुकलेल्या टोकाला लागतं आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्याच्या अंगठ्याला धार लागते. जाणता फरशीवाला सांधा एक तृतीयांशावर घेतो. भाचीच्या कंत्राटदाराला हे आधी सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘काका, डिझाइनमध्ये अर्ध्यावर दाखवलंय.’’

लॅमिनेटवर माझा राग आहे, तो लपवत नाही. ही वस्तू स्वीडनची. पेर्स्टॉर्प नावाच्या कंपनीने 1977 च्या सुमारास ती काढली आणि पुढे पेर्गो या नावाने जगभर गेली. सर्वांत खाली तोल सांभाळणारा थर, मधे लाकडाचा लगदा डिंकासह दाबून केलेला एचडीएफचा पत्रा, त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण मिसळलेला पारदर्शक मुलामा. तो मुलामा खरोखर चिवट असतो; किती चिवट त्याचे एसी 1 पासून वर चढणारे दर्जे आहेत आणि विक्रेता तेच पुढे करतो. ‘‘सर, एसी 4 आहे, ऑफिसला चालतं.’’ घासण्याला चालतं हे कबूल. पण ज्या घरांसाठी ते जन्मलं त्या घरांत हिवाळाभर हीटर चालतो, हवा कोरडी ठणठणीत असते, माणसं मोजे घालून वावरतात आणि जमीन पुसायची म्हणजे घट्ट पिळलेलं फडकं लांब दांड्याला लावून फिरवायचं. आपल्याकडे बादली येते. बादलीत फिनेल, फडकं जेमतेम पिळलेलं, कोपऱ्यात थोडं पाणी तुंबणार, आणि जुलैत तर पुसलेली जमीन दुपारपर्यंत सुकायची नाही.

मी नमुन्याचा तुकडा घरी आणला आणि पाण्याच्या पेल्यात उभा करून ठेवला. शेजारी खऱ्या सागाची एक कपची, सुताराकडून मागून आणलेली. सकाळी लॅमिनेटची बुडालेली कड फुगून वर आली होती, वरचा कागद तिथे ताणला जाऊन सुटू लागला होता. सागही थोडा फुगला होता. शेजारी कोरडा तुकडा ठेवल्यावर फरक कळत होता. दोन्ही खिडकीत वाळत ठेवले. साग जागेवर आला. लॅमिनेटची कड तशीच राहिली, आणि ती तशीच राहणार, कारण दाबून बसवलेले तंतू एकदा सैल झाले की त्यांना पुन्हा दाबणारं कुणी नसतं. ओल सोसत नाही हा लाकडाचा दोष लॅमिनेटने पुरेपूर घेतला आणि तासून पुन्हा नवं करता येतं हा गुण सोडून दिला. टाइल निदान लाकडासारखी दिसून दगडासारखी वागते.

खऱ्या लाकडाचं वागणं समजून घ्यायचं तर पाण्याचाच हिशेब मांडावा लागतो. हवेत ओल किती, त्यावर लाकूड किती पाणी धरून ठेवणार ते ठरतं. आर्द्रता तीस टक्के असली तर लाकडात सहा टक्क्यांच्या आसपास, नव्वदला गेली तर वीसच्या घरात. पुण्याची एप्रिलमधली दुपार आणि जुलैमधली सकाळ यांत एवढा फरक सहज पडतो. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं ते म्हणूनच. फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढते रुंदीत, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. खोडाच्या वलयांच्या दिशेने आडवी कापलेली फळी उभ्या चिरलेल्या फळीच्या जवळजवळ दुपटीने हलते. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत साग वलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतो, अमेरिकेतला लाल ओक 8.6. सहा इंची फळीतलं पाणी आठ टक्क्यांवरून सोळावर गेलं, तर कागदावरच्या हिशेबाने साग अडीच मिलिमीटर फुगतो आणि ओक साडेतीनच्या पुढे जातो. दहा फुटी खोलीत अशा वीस फळ्या. म्हणून भिंतीकडेला फट सोडायची आणि ती स्कर्टिंगखाली झाकायची.

सागाचा मान कशात आहे ते इथे कळतं. आपण ‘सागासारखं कठीण’ म्हणून मोकळे होतो, पण साग काही फार कठीण नाही. फरशीच्या धंद्यात कठीणपणा मोजतात तो जान्का कसोटीने: सुमारे अकरा मिलिमीटरची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो. सागाला हजार पौंडांच्या आसपास, लाल ओकला 1290, हार्ड मेपलला 1450. आपला शिसव या सगळ्यांच्या कितीतरी पुढे. साग शांत असतो, हा त्याचा गुण. कमी फुगतो, कमी आकसतो, पिळत नाही, आणि त्याच्या गाभ्यात अंगचंच तेल असल्याने वाळवी त्याला टाळते. हे सगळं गाभ्याचं कौतुक, बाहेरच्या पांढऱ्या भागाचं नाही. वखारीत वडील मला ओंडक्याच्या टोकाशी नेऊन तेच दाखवायचे. आता म्यानमारने 2014 पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, आलापल्ली-बल्लारशाचा माल सगळ्यांना पुरणारा नाही, आणि बाजारात घाना, नायजेरिया, इक्वेडोरचा लागवडीतला तरुण साग येतो. तोही सागच, पण घाईत वाढलेला, पांढऱ्याचं प्रमाण जास्त असलेला. ‘प्युअर टीक’ ऐकून खूश होण्याआधी टोक बघावं.

इंजिनिअर्ड वुड म्हणतात त्याला मी नाकं मुरडायचो, आता मुरडत नाही. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली एकमेकांना आडवे चिकटवलेले प्लायचे थर. एक थर ज्या दिशेने हलू पाहतो, त्या दिशेला दुसरा हलत नसतो. त्यामुळे फळी जागेवर राहते. बुद्धीचं काम आहे. गोम त्या वरच्या थरात. तीन-चार मिलिमीटरचा असला तर पुढे-मागे एकदा-दोनदा घासून नवा करता येतो, पण 0.6 मिलिमीटरचाही असतो, आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. नमुना उलटा करायचा, कड उजेडाकडे धरायची आणि थर मोजायचा. विक्रेत्याला हे आवडत नाही.

एसपीसीची गंमत वेगळीच. पाण्याला न घाबरणारी, खटकन एकमेकांत बसणारी ही पट्टी म्हणजे चुनखडकाची पूड प्लास्टिकमध्ये कालवून लाटलेला पत्रा. निम्म्याहून जास्त वजन त्या पुडीचं. आपली शहाबादी फरशी तरी काय, चुनखडकच. ज्या जातीचा दगड आजीच्या स्वयंपाकघरात होता, त्याची पूड करून, प्लास्टिकमध्ये मळून, वर ओकचं चित्र चिकटवून नातीला विकायचा आणि तिने त्याला ‘वुडन’ म्हणायचं. एवढं सोडलं तर भाड्याच्या घराला, दुकानाला बरा माल आहे. पायाला टाइलइतका गार लागत नाही आणि उचलून नेता येतो. पश्चिमेच्या काचेतून कडक ऊन थेट येत असेल तिथे घालू नये, प्लास्टिक ते प्लास्टिक.

पायाला काय वाटतं, हा प्रश्न शोरूममध्ये सुटत नाही, कारण तिथे बूट घालून फिरावं लागतं. टाइल आणि फळी एकाच खोलीत असतील तर दोन्हींचं तापमान एकच असतं; पण टाइल तळव्यातली उष्णता लाकडाच्या कैक पटींनी भरभर ओढून घेते, म्हणून ती गार वाटते. डिसेंबरातल्या पहाटे हे नकोसं होतं हे मान्य. पण मे महिन्यात, आमरसाचं जेवण झाल्यावर, पंखा फुल्ल करून बनियनवर उघड्या फरशीवर आडवं पडणं, गार भाग संपला की कूस बदलून पुढच्या फरशीवर सरकणं, हे सुख ज्याने घेतलंय त्याला दिवाणखान्यात लाकूड घाला म्हणून सांगायचं माझं धाडस होणार नाही. फ्रान्सात उलटा प्रकार घडला होता. व्हर्सायच्या राजवाड्यात संगमरवर धुता धुता पाणी झिरपून खालच्या लाकडी तुळया कुजायला लागल्या, तेव्हा 1684 साली संगमरवर काढून लाकडाच्या चौकटींची नक्षीदार जमीन केली, असं सांगतात. पाणी टाळायला त्यांनी लाकूड घेतलं, आणि आपण लाकडाचं नुसतं चित्र घेतो, कारण पाणी आपल्याला टाळायचंच नसतं.

ती कपची जिथून आणली त्या सुताराकडे मी नंतर पुन्हा गेलो. पाडलेल्या वाड्याच्या कड्या त्याने विकत घेतल्या होत्या. वरून बघितलं तर काळपट, चुन्याचे ओघळ, धुराचा थर. कुणी जळणाला टाकील असा माल. त्याने आधी पक्कडीने खिळे उपसले. राहिलेला एखादा खिळा रंध्याचं पातं खाऊन टाकतो, म्हणून हाताने चाचपून चाचपून. मग रंधा मारला. पहिल्या हाताला काळी भुकटी पडली, दुसऱ्या-तिसऱ्या हाताला सलग साल निघाली आणि खालून सोनेरी तपकिरी लाकूड वर आलं. तेलकट, कडवट वास दुकानभर झाला. खिळे होते तिथे लोखंडाने खाल्लेले काळे गोल तेवढे राहिले. ‘‘हे डाग जायचे नाहीत,’’ तो म्हणाला. नको जायला. ताजा चिरलेला साग हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचा, जरा बावळटच दिसतो. उजेडात राहून त्याचा रंग एकसारखा होत जातो. टाइलवरचा साग जन्मतःच पन्नाशीचा असतो आणि मग पन्नाशीचाच राहतो.

त्या कड्या चिरून फळ्या निघाल्या असत्या, पण भाचीचा अख्खा हॉल झाकायचा तर घनफुटांचा आकडा ऐकून जावईबापू खुर्चीतच बसले. शेवटी ठरलं ते असं: हॉल आणि स्वयंपाकघराला लाकडी दिसणारी टाइल, उठाव जुळलेली, सांधा एक तृतीयांशावर, झोपायच्या खोलीत चार मिलिमीटर थराची इंजिनिअर्ड, तिथे बादली न नेण्याच्या अटीवर, आणि त्या जुन्या कड्यांतून खिडकीखाली बसायला एक लांब बैठक. लाकूड पुन्हा बसायच्याच कामी आलं, यात मी गप्प राहून आनंद मानला. हॉलला ओकचाच रंग घेतला, तिथे माझं चाललं नाही.

घर लागल्यावर कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी बादली हॉलच्या मधोमध ठेवली आणि कमरेवर हात देऊन सगळीकडे बघितलं. ‘‘ताई, हे लाकूड आहे का फरशी?’’

‘‘फरशी आहे मावशी. पाणी चालतं.’’

मावशी उकिडव्या बसल्या, फडकं फिरवलं, थांबल्या आणि अंगठ्याच्या नखाने एका गाठीच्या खाचेतून काळपट मळाची बारीक सुरळी काढून भाचीला दाखवली. ‘‘पाणी चालतं, पण मळ बसतो. आणि रंग असला, की दिसत पण नाही. आठवड्यातून एकदा ब्रशने घासावं लागेल,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्याचे वेगळे धरा.’’